शिवाराचे रंग वाचा, पाण्याचा हिशेब मांडा

पिकाच्या पानाचा रंग पाहून खत-पाण्याचा अंदाज बांधणे आपणास नवीन नाही. खालची जुनी पाने पिवळी पडली की नत्र कमी पडले, पानांच्या कडा करपल्या की पालाश कमी पडले, हे आपल्यापैकी अनेकजण बांधावर उभे राहून सांगतात. मात्र एका पानाचा रंग आपण जितक्या बारकाईने पाहतो, तितक्या बारकाईने संपूर्ण शिवाराचा रंग पाहत नाही. शिवारही ऋतूप्रमाणे रंग बदलते आणि पिढीगणिकही बदलते. पहिला बदल सर्वांच्या नजरेत येतो. दुसरा इतका सावकाश होतो की तो घडून गेल्यावरच कळतो.

आखाजीच्या सुमारास, म्हणजे ऐन वैशाखात, फैजपूरच्या एखाद्या मळ्यात सातपुड्याकडे तोंड करून उभे राहा. समोर केळीचे गर्द हिरवे पट्टे दिसतील. त्यांच्यामध्ये नांगरून टाकलेली काळी, तापलेली राने दिसतील. मागे सातपुड्याचा डोंगर पानगळीमुळे तांबूस-करडा झालेला असेल. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना रान हिरवे असणे ही साधी गोष्ट नाही. हा हिरवा रंग कोठून आला, केव्हा आला आणि किती वर्षे टिकेल, या तीन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वर्षभरातील रंगांचा क्रम

प्रथम एका वर्षाचा क्रम पाहू. रोहिणीपर्यंत जिरायत रान काळे असते. मृगाच्या सरी पडल्या की वखरलेल्या काळ्या रानावर कोवळी पोपटी झाक येते. आर्द्रा-पुनर्वसूत कपाशी, ज्वारी, मका, उडीद, मूग यांच्या ओळी दिसू लागतात आणि बांधावरचे गवत पिकाच्याही पुढे धावते. श्रावणात हिरवा रंग सर्वात दाट असतो. याच सुमारास सातपुड्यातील सागाला पांढरट-पिवळसर मोहर येतो व दुरून डोंगराच्या हिरव्यावर साय धरल्यासारखी दिसते.

भाद्रपदात रंग फुटू लागतात. उडीद-मुगाच्या शेंगा काळ्या पडतात, सोयाबीन पिवळे होते आणि कपाशीवर फुले येतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान बोंडे फुटून रान पांढरे होते. मार्गशीर्षात तुरीवर पिवळी फुले असतात. पौषात दादर ज्वारी निसवते, हरभरा घाट्यांवर येतो. जेथे अद्याप जवस पेरतात तेथे निळ्या फुलांची आणि जेथे करडई आहे तेथे पिवळ्या-केशरी फुलांची पट्टी दिसते. फाल्गुनात गहू सोनेरी होतो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पळस पेटतो. चैत्रात निंबाला तांबूस पालवी येते, कुसुमाचे झाड तर पूर्ण लाल होते. वैशाखात बहाव्याचे पिवळे झुबके सोडले तर जिरायत रान पुन्हा काळे-करडे होते. असे हे चक्र आहे.

या चक्रात केळी कोठे बसते? केळी कोठेच बसत नाही. मृगबाग असो वा कांदेबाग, ती बाराही महिने हिरवी असते. आपल्या शिवारात ऋतूचा नियम न पाळणारा हा एकच मोठा रंग आहे, आणि याच ठिकाणी विचाराला सुरुवात करावयाची आहे.

रंग बदलतो म्हणजे काय होते?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. हरितद्रव्य तयार होण्यास नत्र व मॅग्नेशियम लागते. ते उन्हात सतत मोडत असते व पान ते पुन्हा पुन्हा तयार करीत असते. पीक पक्वतेकडे जाऊ लागले की झाड पानातील नत्र काढून दाण्यात नेते, नवीन हरितद्रव्य तयार होणे थांबते आणि पानात आधीपासूनच असलेली पिवळी रंगद्रव्ये उघडी पडतात. सोयाबीन पिवळे होते, गहू सोनेरी होतो, तो याच कारणाने. म्हणजे पिकाचा पिवळा रंग हा बहुधा काम पूर्ण झाल्याचा रंग असतो.

लाल रंगाचे तसे नाही. तो पानात नव्याने तयार होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री थंड होऊ लागल्या, बोंडे भरण्यासाठी नत्र खेचले गेले आणि मॅग्नेशियम कमी पडले की कपाशीची पाने लाल होतात. यालाच आपण लाल्या म्हणतो. पेरणीच्या वेळी हेक्टरी २० ते २५ किलो मॅग्नेशियम सल्फेट जमिनीतून देणे आणि पाते-बोंडे लागण्याच्या काळात २ टक्के युरिया किंवा डीएपीची फवारणी करणे हा त्यावरचा सर्वसाधारण उपाय आहे. एकदा पूर्ण लाल झालेले पान मात्र पुन्हा हिरवे होत नाही.

आता केळीचे पाहा. केळीला उष्णता व पाणी मिळत राहिले तर ती अनुकूल हवामानात साधारण ७ ते १० दिवसांनी एक नवीन पान काढते. जुने पान वाळते, नवे येते. घड निसवेपर्यंत हे काम सुरूच राहते, आणि घड कापला तरी शेजारी ठेवलेला मुनवा पिलबागेसाठी वाढत असतो. म्हणून केळीचे रान हिरवेच दिसते. मात्र तिचे रुंद पान पाणीही तितक्याच वेगाने हवेत सोडते. यावरून एक साधा नियम लक्षात ठेवावा: ज्या रानाचा हिरवा रंग संपत नाही, त्या रानाची तहानही संपत नाही.

पिढ्यांमधील बदल

आपल्या भागाचा रंग पूर्वी असाच होता असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, भाव चढले आणि खानदेशात कपाशीचे क्षेत्र वाढले. म्हणजे दिवाळीचे पांढरे शिवार हा रंगसुद्धा दूरच्या बाजाराने गडद केलेला आहे. त्या काळची कपाशी देशी होती. देशी कपाशीच्या अनेक वाणांची फुले पिवळी असत, तर एन.आर. या जास्त रुई देणाऱ्या वाणाची पांढरी. पुढे अमेरिकन जातीची कपाशी पसरली. तिचे फूल पहिल्या दिवशी दुधी असते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. १९७० साली सुरत येथून एच-४ हा संकरित वाण आला, २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि भाद्रपदातील कपाशीचा पिवळा फुलोरा आपल्या शिवारातून जवळजवळ निघून गेला.

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि महात्मा गांधींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू व इतर खेड्यातील साहित्य वापरून अधिवेशनाच्या नगराची सजावट केली होती. शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरील कार्यक्रमही याच अधिवेशनात मांडला गेला. त्या डिसेंबरात फैजपूरला आलेल्या पाहुण्यांना दिसलेले शिवार आणि आजचे शिवार एक नव्हे. तेव्हा पाणी काढण्याचे साधन मोट हे होते. बैलजोडीने दिवसभरात जेवढे पाणी उपसता येईल, तेवढेच हिरवे रान उन्हाळ्यात टिकत असे. हिरव्या रंगाची मर्यादा बैलाच्या ताकदीने घातलेली होती.

ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने उठली. प्रथम तेलाची इंजिने आली, नंतर विजेच्या मोटारी आल्या, मग कूपनलिका आल्या. सुकी व मोर या नद्यांवर धरणे झाली, तापीवर हतनूर धरण होऊन कालव्याचे पाणी आले. न्हावी-फैजपूर परिसरात मधुकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा उसाच्या हिरव्या रंगाची भर पडली. केळी सावदा, रावेर या रेल्वे स्थानकांवरून उत्तरेकडील बाजारात जाऊ लागली. बसराई, श्रीमंती यांच्या जोडीला १९९० नंतर ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली व ठिबक सिंचन आले. २०१६ साली जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकाने खानदेशात पक्की घरे बांधली, मुलांची शिक्षणे केली, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न केळी चांगली की वाईट हा नाही. प्रश्न असा आहे की मोटेने घातलेली मर्यादा गेल्यावर आपण स्वतःहून कोणती मर्यादा घालून घेतली?

पिवळा रंग: एक गेला, एक आला

शिवाराचा रंग केवळ पाऊस आणि जमीन ठरवत नाहीत, हे पटण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या ग्रामीण भागाची जुनी चित्रे पाहिली तर हिरवी कुरणे, झाडांच्या जिवंत कुंपणांनी आखलेली शेते आणि उन्हाळ्याच्या शेवटी पिकलेल्या गव्हाचा सोनेरी रंग दिसतो. मात्र १९७० नंतर तेथे एप्रिल-मे महिन्यांत शेते झगझगीत पिवळी दिसू लागली. हा रंग मोहरीच्याच कुळातील रेपसीड या तेलबियांच्या पिकाचा. ब्रिटन १९७३ साली युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले, त्या समुदायाच्या धोरणातून तेलबियांना भावाचा आधार मिळाला आणि पिवळे पट्टे वेगाने वाढले. पुढे काही कीटकनाशकांवर बंदी आली, रोपे कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांचा उपद्रव वाढला आणि हाच पिवळा रंग पुन्हा कमी होऊ लागला. तेथील एल्म वृक्षांचेही तसेच झाले. १९७० च्या दशकात एका बुरशीजन्य रोगाने कोट्यवधी झाडे वाळली आणि बांधांवरची उंच हिरवी रांगच नाहीशी झाली. एका पिढीने पाहिलेला देखावा पुढच्या पिढीला फक्त चित्रात पाहावा लागला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही पिवळ्या फुलांचे तेलबियांचे पीक होते, ते म्हणजे करडई. काटेरी असल्याने जनावरे शिरत नाहीत म्हणून ती ज्वारी-गव्हाच्या कडेने पेरीत, घरचे तेल घाण्यावर काढून आणीत. तिचे मूळ खोल जाते, म्हणून ती जमिनीतील ओलाव्यावर येते, पाणी मागत नाही. १९८६ साली केंद्र शासनाने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले तेव्हा करडईबरोबर सूर्यफुलाचाही पिवळा रंग महाराष्ट्रात पसरला. १९९४ साली पामोलिन तेलाची आयात खुली झाली. स्वस्त तेल दुकानात आले, काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेना, आणि करडई-सूर्यफूल मागे हटले. जवसाची निळी पट्टीही त्यांच्या मागोमाग गेली.

दोन्ही ठिकाणी पीक तेलबियांचे आणि रंग पिवळा. तेथे धोरणाने तो आणला, येथे धोरणाने तो नेला. म्हणून शिवाराचा रंग बदलला की 'हवामान बदलले' एवढेच म्हणून थांबू नये. भाव कोणी ठरविला, मजूर कोठे गेला आणि पाणी कोठून आले, हे तीन प्रश्न विचारावेत.

सदाहिरव्या रंगाचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. एक हेक्टर रानावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी पडले. आपल्या भागात वर्षाला सरासरी ७०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे हेक्टरी ७० लाख लिटर.

पाटपाण्यावर केळीची गरज १८०० मि.मी. धरू, म्हणजे हेक्टरी १ कोटी ८० लाख लिटर. पडलेला सर्व पाऊस पिकालाच मिळाला असे मानले (प्रत्यक्षात तसे होत नाही), तरी १ कोटी १० लाख लिटर पाणी जमिनीखालून किंवा कालव्यातून आणावे लागते.

जमिनीखाली पाणी येते कोठून? पावसातूनच. पडलेल्या पावसाचा दहावा हिस्सा खोल मुरला असे समजू. जमिनीप्रमाणे हा हिस्सा कमी-जास्त होतो. तर एक हेक्टर रान वर्षाला ७ लाख लिटर पाणी साठ्यात टाकते. यावरून एक हेक्टर केळीची तूट भरून काढण्यास जवळजवळ १६ हेक्टर रानाचे मुरलेले पाणी लागते.

ठिबक बसविले आणि गरज १२०० मि.मी.वर आली असे धरा. तूट ५० लाख लिटरवर येते आणि ती भरण्यास सुमारे ७ हेक्टर रानाचे पाणी पुरते. ठिबकाचे महत्त्व या एका आकड्यात दिसते. मात्र एक धोकाही दिसतो. ठिबकाने वाचलेल्या पाण्यावर आपण केळीचे क्षेत्र दुप्पट केले, तर बचत शून्य होते. विहिरीला ठिबक दिसत नाही, तिला फक्त उपसा दिसतो.

तापीच्या गाळाची आपली जमीन खोल आहे, तिच्यात पाणी साठविण्याची शक्ती मोठी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा व वाळूचा जो पट्टा आहे, ज्याला भूगर्भशास्त्रात बझाडा म्हणतात, तेथे नाल्यांचे पाणी झपाट्याने मुरते. या देणगीमुळेच एवढी वर्षे आपले भागले. परंतु शासनाच्या भूजल मूल्यांकनात यावल व रावेर हे तालुके अतिउपसा झालेल्या तालुक्यांत नोंदले गेले आहेत. अतिउपसा याचा अर्थ एवढाच की वर्षाला जेवढे मुरते, त्यापेक्षा जास्त आपण काढतो. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. योजना मोठी आहे, तिचे स्वागतच करू. तथापि करार झाला म्हणजे विहिरीत पाणी आले असे नव्हे, आणि योजना पूर्ण झाल्यावरही उपशाला मर्यादा लागणारच आहे.

फसवे रंग

रंग वाचताना पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

१) गर्द हिरवा म्हणजे निरोगी असे नेहमीच नसते. नत्र जास्त झालेली कपाशी काळपट हिरवी दिसते, पण तिच्यावर मावा-तुडतुडे अधिक येतात व ती उंचच वाढते.

२) पिवळा म्हणजे नेहमी नत्राची कमतरता नव्हे. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग-सोयाबीनची नवीन पाने पिवळी व शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे असे समजावे. केळीच्या पानावर पिवळे पट्टे दिसले व पान अरुंद झाले तर खत टाकीत बसू नये. तो कुकुंबर मोझॅक, म्हणजे आपल्याकडील हरण्या रोग असू शकतो. असे झाड मुळासकट उपटून नष्ट करावे. काकडीवर्गीय पिके केळीत किंवा केळीजवळ घेऊ नयेत.

३) पांढरा रंग तीन प्रकारचा असतो. कपाशीचा पांढरा घरात पैसा आणतो. बांधावरचा व पडीत रानातला पांढरा गाजरगवताचा असतो. हे तण १९५५ च्या सुमारास पुणे येथे प्रथम नोंदले गेले व पुढे देशभर पसरले. ते फुलावर येण्यापूर्वीच उपटावे. तिसरा पांढरा जमिनीचा. पाणी सुकल्यावर वरंब्यावर पांढरा थर दिसू लागला तर क्षार वर येत आहेत. अशा वेळी माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावे, पाणी बेताने द्यावे व निचऱ्याची सोय करावी.

४) सातपुडा दुरून निळा दिसतो म्हणून तो हिरवा आहे असे समजू नये. हवेत निळा प्रकाश अधिक विखुरतो म्हणून कोणताही दूरचा डोंगर निळसर दिसतो. डोंगरावर झाड किती आहे हे जवळ जाऊनच कळते, आणि आपल्या विहिरींचे पाणी त्या झाडांवर अवलंबून आहे.

गावाची रंगवही कशी ठेवावी?

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये भूगोलाचे प्राध्यापक डडली स्टॅम्प यांनी देशभरातील जमिनीच्या वापराची पाहणी केली. शेतांची नोंद घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. नकाशात नांगरटीचे रान तपकिरी, कुरण फिके हिरवे, जंगल गर्द हिरवे, बागा जांभळ्या असे रंग भरले गेले. आज तेथील रान किती बदलले हे सांगताना अभ्यासक त्या नकाशांचा आधार घेतात. हे काम आपल्या गावातही करता येण्याजोगे आहे. त्यास खर्च जवळजवळ नाही.

१) तलाठ्याकडील गाव नकाशाची प्रत घ्या व तिच्या चार छायाप्रती काढा.

२) वर्षातील चार वेळा ठरवा: पोळा, दिवाळी, संक्रांत आणि आखाजी. या सणांना गावी सर्वजण असतात, म्हणून नोंद चुकत नाही.

३) प्रत्येक वेळी गट क्रमांकानुसार रंग भरा. केळी-ऊस गर्द हिरवा, कपाशी कोरी पांढरी, ज्वारी-बाजरी-मका-गहू पिवळा, कडधान्ये फिका हिरवा, तेलबिया केशरी, पडीत करडा, क्षारपड लाल. गावच्या शाळेतील मुलांना हे काम द्या. गुरुजींच्या देखरेखीखाली ते उत्तम होते.

४) त्याच दिवशी गावातील निदान पाच विहिरींची पाण्याची पातळी मोजा. दोरीला वजन बांधून, सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. कूपनलिका असल्यास मोटार किती तास सलग पाणी देते ते लिहावे.

५) नकाशाच्या मागे पातळी, त्या हंगामातील पाऊस आणि तारीख लिहा. सोयीची एक जागा ठरवून, दरवेळी तेथूनच एक छायाचित्र काढा. मोबाईलमुळे हे आता सर्वांना शक्य आहे.

तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की आखाजीचे तीन नकाशे शेजारी ठेवा. गर्द हिरवा वाढला आणि विहिरीचा आकडा खोल गेला, तर गाव भांडवल खाऊन जगत आहे. हिरवा तेवढाच राहिला आणि आकडा स्थिर राहिला, तर गाव व्याजावर जगत आहे. हे कळण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

याच कामासाठी उपग्रहही आहेत. १७ मार्च १९८८ रोजी भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला. तेव्हापासून देशातील पिकांचा असा अभ्यास होत आहे. उपग्रहाच्या काही नकाशांत हिरवे पीक मुद्दाम लाल रंगात दाखवितात, कारण निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोराने परावर्तित करते व ते किरण नकाशात लाल रंगाने छापतात. अशा नकाशात मे महिन्यातील केळीचा पट्टा लालभडक दिसतो. उपग्रहाला जमिनीवरचा रंग दिसतो, विहिरीचा तळ दिसत नाही. तो आपणच मोजावयाचा आहे.

नियोजन कसे करावे?

१) केळीचे क्षेत्र चांगल्या पावसाच्या वर्षातील पाण्यावर ठरवू नये. कमी पावसाच्या वर्षी आखाजीला विहिरीत जेवढे पाणी होते, त्यावर ठरवावे. त्या पाण्यात जेवढी झाडे जगतील तेवढीच लावावीत.

२) उरलेल्या रानात हंगाम पाळणारी पिके घ्यावीत. खोल काळ्या जमिनीत करडई, दादर, हरभरा ही पिके ओलाव्यावर येतात. दादरीचा कडबा जनावरांच्या कामी येतो. करडईचे काटे अडचणीचे वाटत असल्यास बिनकाटेरी वाण घ्यावा किंवा काढणी यंत्राने करावी.

३) केळीची वाळलेली पाने जाळू नयेत. ती कापून दोन ओळींत अंथरावीत. जमिनीतून उडून जाणारे पाणी वाचते व सेंद्रिय पदार्थ वाढतात.

४) बागेच्या पश्चिमेस व दक्षिणेस शेवरी किंवा गजराज गवताचा दाट वाराअडथळा लावावा. वैशाखातील उष्ण वारा अडला की पाने फाटणे व करपणे कमी होते आणि पाण्याची गरजही उतरते. मृगाच्या तोंडावर येणाऱ्या वादळातही त्याचा उपयोग होतो.

५) पावसाळ्यात शेतातून वाहून जाणारे पाणी दगड, खडी व वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडावे. गढूळ किंवा खत-औषधाचे पाणी थेट सोडू नये. पायथ्याच्या गावांनी नाल्यांतील बांध व गाळ काढण्याचे काम उन्हाळ्यातच उरकावे, कारण तेथे मुरलेले पाणी खालच्या गावांच्या विहिरींनाही लागते.

६) बांधावर निंब, करंज, बहावा, अंजन यांपैकी जे जमेल ते लावावे. रुंद बांध असल्यास पळस तोडू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, शिवाराचा रंग एका माणसाने बदलत नाही, तसा तो एका माणसाने राखताही येत नाही. आपण केळी कमी केली आणि शेजाऱ्याने वाढविली, तर दोघांची विहीर एकाच वर्षी आटते, कारण खालचे पाणी बांध मानत नाही. म्हणून रंगवही घरात न ठेवता ग्रामसभेत ठेवावी. आखाजीचा नकाशा आणि विहिरींचे आकडे भिंतीवर लावून, त्यासमोर बसून, पुढील वर्षी गावात किती केळी लावावयाची याची चर्चा करावी. पहिल्या वर्षी एकमत होणार नाही. दुसऱ्या वर्षी आकडे बोलू लागतील. आपल्या नातवंडांना वैशाखात हिरवे रान पाहावयास मिळावे असे वाटत असेल, तर त्या हिरव्याची मर्यादा आज आपण ठरवावी. येत्या पोळ्यापासून पहिला नकाशा रंगवावयास घ्या.